पारबुवांची सोबत

अमेरिकेत अटलांटा शहराच्या कडेला ईस्ट लेक नावाचे गोल्फचे मैदान होते. तिथे बॉबी जोन्स नावाचा एक अशक्त, सारखा आजारी पडणारा मुलगा वाढत होता. स्कॉटलंडहून आलेले स्टुअर्ट मेडन त्या मैदानावर गोल्फ शिकवत. बॉबी त्यांच्या मागे मागे फिरायचा, ते क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, कशी फिरवतात ते निरखायचा आणि तशीच फिरवून पाहायचा. शिकवणी अशी फारशी झाली नाही, बघून बघूनच हात बसला. १९१६ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि सगळ्यांच्या नजरेत भरला.

हात सोन्याचे होते, पण डोके तापट. फटका मनासारखा बसला नाही की क्लब भिरकावला जायचा. सात वर्षे कौतुक खूप झाले, मोठी स्पर्धा मात्र एकही हाती लागली नाही.

१९२१ साली तो स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळायला गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या फेरीत सुरुवातीपासूनच काही जुळेना. अकरावा होल, म्हणजे मैदानाचा अकरावा टप्पा, तसा छोटा, पण ग्रीनच्या, म्हणजे शेवटच्या आखूड हिरवळीच्या, डाव्या अंगाला हिल नावाचा खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा आहे. बॉबीचा चेंडू नेमका त्यात गेला. बंकरमध्ये फटक्याआधी क्लब वाळूला टेकवता येत नाही. समोर उभी कड, पायाखाली सरकती वाळू, आणि डोक्यात आधीच्या दहा होलांची चीड. बॉबीने शेवटी चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडून दिली. त्या फेरीचा हिशेब त्याने दिलाच नाही.

थोड्याच महिन्यांत अमेरिकेतल्या एका स्पर्धेत त्याने रागाने फेकलेला क्लब एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागला. राष्ट्रीय गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला लेखी तंबी दिली: स्वभाव आवरता येत नसेल तर स्पर्धा बंद.

तेव्हा कुठे त्याला उमजू लागले. फटका एकदाच चुकतो. राग धरून ठेवला तर तोच पुढच्या प्रत्येक फटक्यात पुन्हा चुकत राहतो. या कथेचा बोध एवढाच आहे, आणि तो अंगी बाणवायला बॉबीसारख्यालाही वर्षे लागली.

त्यासाठी त्याने मनाशी एक सोबती कल्पिला. चांगल्या खेळाडूला एखाद्या होलला जितके फटके लागावेत, त्या आकड्याला पार म्हणतात. बॉबीने त्या आकड्यालाच माणूस केले. आपण त्यांना पारबुवा म्हणू. पारबुवा म्हातारे आणि फार धिम्या वृत्तीचे. चार फटक्यांच्या होलला चारच घेणार, कधी तीन नाही, कधी पाचही नाही. वारा सुटो, पाऊस येवो, शेजारचा खेळाडू चमत्कार करो, ते हुरळत नाहीत आणि खचतही नाहीत. बॉबीने ठरवले, यापुढे खेळायचे ते या म्हाताऱ्याशी. प्रतिस्पर्ध्याकडे पाहायचे नाही. एखाद्या होलला बुवा पुढे गेले तर जाऊ द्यायचे, फटका वसूल करायला धावायचे नाही. पुढच्या होलला ते पुन्हा सोबत असणारच.

यामुळे त्याची भीती गेली असे कुणी समजू नये. मोठ्या स्पर्धेत त्याला धड जेवण जात नसे, काही दिवसांत वजन कित्येक किलोंनी उतरे. धडधड होती तशीच राहिली. ती घेऊनच तो चेंडूपाशी उभा राहायला शिकला, आणि मला त्याची खरी कमाई हीच वाटते.

१९२३ साली तो पहिल्यांदा यू. एस. ओपन जिंकला. १९२५ साली त्याच स्पर्धेत, गवतातल्या चेंडूपाशी क्लब नेताना चेंडू किंचित हलला. कुणाच्याही लक्षात आले नव्हते. बॉबीने आपण होऊन एक फटका दंड मोजायला लावला. अखेर बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. चार वर्षांपूर्वी आपला हिशेब न देता निघून गेलेला हाच तो मुलगा. पारबुवांच्या शेजारी चालायचे तर मोजणी खरीच ठेवावी लागते.

१९२७ साली ब्रिटिश ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला भरली. तोच अकरावा होल, तोच बंकर. बॉबीने चार फेऱ्या ६८, ७२, ७३, ७२ अशा खेळून २८५ फटक्यांत स्पर्धा जिंकली. दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू सहा फटके मागे होते. गावकऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. चषक स्वीकारताना त्याने विनंती केली, तो अटलांटाला न नेता इथे सेंट अँड्र्यूजलाच ठेवावा.