पाय किती, हे विचारायलाच हवं

परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत म्हणजे पोखर्णीचा नृसिंह. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती येते आणि जन्माची वेळ धरली जाते ती सूर्यास्ताची. सोयीसाठी दुपारीच उरकून घेऊ, असं कुणी सुचवलं तर घरातली जुनी माणसं ऐकून घेणार नाहीत. या हट्टाला पक्का आधार आहे.

भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपूने वर मागताना मृत्यूची एकेक वाट बंद केली. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्रानेही नको. नृसिंहाचं रूप या अटींतूनच घडलं. म्हणून तोंड सिंहाचं आणि धड माणसाचं, वेळ तिन्हीसांजेची, जागा उंबऱ्याची, मांडीचा आधार आणि नखांचा वार. एखाद्या चित्रकाराने नृसिंहाला तलवारीने वध करताना दाखवलं, तर चित्र कितीही देखणं असलं तरी कथा कोसळते. एक तपशील चुकला की वर मोडतो, आणि वर मोडला की अवतारालाच कारण उरत नाही.

काल्पनिक प्राण्यांच्या तपशिलावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांना लोक सहसा समजावतात, ‘अहो, जे मुळात नाहीच, त्यात बरोबर काय आणि चूक काय?’ हा प्रश्न ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो उलटा आहे. आल्ब्रेख्त ड्यूररने 1515 मध्ये गेंड्याचं प्रसिद्ध चित्र केलं ते गेंडा स्वतः न पाहता, आणि त्याच्या मानेजवळ पाठीवर एक जादा शिंग काढलं. त्यामुळे गेंड्याचं काही बिघडलं नाही. खरा गेंडा जंगलात होता. ज्याने तो पाहिला त्याला चूक दुरुस्त करता आली. शरभ या पुराणांतल्या पशूला मात्र जंगल नाही. तो फक्त वर्णनात आणि दगडात जगतो. तिथे त्याचे पाय चुकले तर पडताळून पाहायला दुसरं काहीच नाही.

आणि शरभाचे पाय हा तर अस्सल वादाचा विषय आहे. महाभारताच्या शांतिपर्वात एका ऋषीच्या कुत्र्याची गोष्ट येते. कुत्रा घाबरतो म्हणून ऋषी त्याला पायरीपायरीने मोठा पशू करत जातात, सिंहही करतात आणि शेवटी शरभ. हा शरभ आठ पायांचा, सिंहालाही मारणारा. पुढे शैव पुराणांत हाच शरभ शिवाचं रूप झाला. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही न शमलेल्या नृसिंहाला त्याने आवरलं, असं तिथे सांगितलं आहे. तमिळनाडूत त्रिभुवनमच्या कंपहरेश्वर मंदिरात या शरभाचं स्वतंत्र देवस्थान आहे. वैष्णवांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या परंपरेत नृसिंहाने दोन डोक्यांच्या गंडभेरुंडाचं रूप घेऊन शरभालाच नमवलं. म्हणजे आठ पाय, पंख, दोन डोकी ही नुसती सजावट नव्हती. प्रत्येक अवयव हा एका पंथाने दुसऱ्याला दिलेला जबाब होता.

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर मात्र पंजात हत्ती दाबून धरलेला जो पशू दिसतो, त्याला बहुतेकदा चारच पाय असतात. कुणी त्याला शरभ म्हणतो, कुणी व्याल म्हणजे मंदिरांवर कोरला जाणारा मिश्र पशू, कुणी सरळ वाघ. ग्रंथ घेऊन आलेला म्हणतो, आठ पाय नाहीत तर शरभ कसला? किल्ले पायाखाली घातलेला म्हणतो, आपल्याकडे शरभ असाच कोरतात. दोघांकडेही पुरावा आहे, फक्त एकाचा पोथीतला आणि दुसऱ्याचा पाथरवटाच्या हातचा. हा वाद तावातावाने व्हावा, असंच वाटतं. वाया जातो तो वाद, ज्यात कुठला ग्रंथ, कुठला दगड, कुठला काळ हे न सांगता नुसतं ‘खरा शरभ असाच’ म्हटलं जातं. ‘वाघ’ म्हणून मोकळं होणं त्याहून वाईट. त्या एका शब्दाने शैव-वैष्णवांचं कित्येक शतकांचं भांडण दरवाज्यावरून पुसलं जातं.

व्यालांच्या बाबतीत तर जुन्या शिल्पशास्त्राने हा काटेकोरपणा आधीच करून ठेवला आहे. ‘अपराजितपृच्छा’त व्यालांचे सोळा प्रकार आहेत, मुख कुणाचं यावरून ठरलेले. मधुसूदन ढाकी यांनी 1965 मध्ये मध्ययुगीन मंदिरांवरच्या व्यालांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. हत्तीचं तोंड की पोपटाचं, हे पाहणं हेच तिथे विद्वत्तेचं काम होतं. युरोपातही ब्रिटिश कुलचिन्हांच्या शास्त्रात चार पायांचा तो ड्रॅगन आणि दोन पायांचा तो वायव्हर्न, अशी विभागणी आहे, आणि तिच्यावरून आजही वाद झडतात.

हे बारकावे परभणी जिल्ह्यातही पाहता येतात. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे, जिंतूर तालुक्यात मंदिरांचं गाव चारठाणा. मराठवाड्यातल्या अशा जुन्या शिवमंदिरांत गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून कीर्तिमुख हे तिथलं कोरीव तोंड नीट पाहावं. बटबटीत डोळे, शिंगं, फुगलेले गाल, सुळे. आणि बहुधा खालचा जबडाच नाही. कथेत शिवाने राहूला खायला एक भुकेला गण निर्माण केला, मग राहूला अभय दिलं आणि गणाला स्वतःलाच खायला सांगितलं. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरलं. प्रसन्न होऊन शिवाने त्याला दाराशी मान दिला. जबडा नसणं ही झीज नव्हे, ती त्या आज्ञापालनाची खूण आहे. झिजलेल्या दगडावर सिमेंट चढवताना कारागिराने सद्भावनेने खाली एक जबडा आणि दोन पाय जोडले, तर कीर्तिमुख जाऊन तिथे नुसता एक राक्षस उरेल. पूजा चालू राहील, पण उंबरा ओलांडणाऱ्याला ती गोष्ट दिसणार नाही.

म्हणून गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना एकच विनंती. सिमेंट आणि ऑइलपेंट आणण्याआधी दारावरच्या, उंबऱ्यावरच्या आणि खांबावरच्या प्रत्येक प्राण्याचं जवळून छायाचित्र काढा, पाय आणि डोकी मोजून वहीत लिहा, आणि ती वही कारागिराच्या हाती द्या.