एक रोप सोडायचं

आमच्या परसात कुंपणाला करटोलीचे वेल आहेत. ते कुणी लावले, घरात कुणालाच आठवत नाही. हिवाळा आला की ते वाळून जातात, उन्हाळाभर तिथे नुसती तापलेली माती असते आणि मृगाचा पाऊस पडला की त्याच जागी कोंब वर येतात. खाली कंद थांबलेला असतो.

असं परतून येणारं अन्न आपल्याकडे पुष्कळ आहे. अळू, सुरण, कोनफळ कंदातून येतात; माठ, घोळ, टाकळा पडलेल्या बियांतून. गव्हात चाकवत येतो. शेतात निंदायला बसलेल्या बायका उपटलेल्या तणातूनच संध्याकाळची भाजी ओट्यात घालून घरी आणायच्या. तण कुठलं आणि भाजी कुठली हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. तणनाशकाला ते ठाऊक नाही.

या भाज्या ‘आपोआप’ येतात असं आपण म्हणतो. मला हा शब्द पटत नाही. करटोलीत नरवेल वेगळा, मादीवेल वेगळा. नराला फळ धरत नाही, म्हणून नवखा माणूस तो वांझ समजून खणून काढतो. मीही एका पावसाळ्यात तेच केलं. मादीवेलांना फुलं आली आणि गळून गेली. शेवळाचा तर आधी फुलोरा वर येतो. तोच आपण खातो, काकडाची फळं घालून, नाहीतर घसा खाजतो. पान मागाहून येतं. ते ताटात वाढायचं नसतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण पावसाळाभर तेच पान पुढच्या वर्षीचा कंद पोसत असतं. ते कापलं की कंद उपाशी. माठाचं निदान एक रोप जून होऊ द्यावं लागतं. ते ताठ होतं, तुरा धरतं, वाफा गबाळा दिसतो. ते गबाळेपण चालवून घ्यावं लागतं.

हे राखणं कुणाच्या हिशेबात येत नाही, म्हणून ते फुकटचं वाटतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पेरायच्या बियाण्याची बँक त्यांनी उभी केली. न पेरलेल्या भाज्यांची बँक म्हणजे शेताचा बांध, परसाचा कोपरा, डोंगराचा उतार. तिथलं बी मडक्यात भरून ठेवता येईल, पण त्या जागेची सवय मडक्यात मावत नाही.

आता पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतात. या भाज्यांना मान मिळतो याचा मला आनंद आहे, पण धास्तीही वाटते. घरापुरती भाजी खुडणारी बाई पुढच्या वर्षी त्याच उतारावर येणार असते, म्हणून ती काही मागे ठेवते. गाडीभर माल हवा असणाऱ्याला तो उतार पुन्हा बघायचाच नसतो. मागणी वाढली आणि राखणारे हात तेवढेच राहिले, तर ही भाजी महोत्सवातच संपेल असं मला वाटतं. मोल द्यायचं तर आधी त्या हातांना द्यायला हवं, आणि बांधावरची फवारणी थांबवायला हवी.

ज्यांच्याकडे बांध नाही त्यांच्याकडे कुंडी असेल. या पावसाळ्यात माठ खुडाल तेव्हा एक रोप बियांसाठी सोडा, आणि तुरा वाळेपर्यंत त्याला हात लावू नका.