काळ्या सोंगट्यांचा डाव

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंस सोळा-सोळा सोंगट्या, नियम तेच. फरक एवढाच की पहिली चाल पांढऱ्याची. पण हा फरक किरकोळ नव्हे. मोठ्या स्पर्धांतील हजारो डावांचा हिशेब घेतला तर पांढऱ्याच्या पदरी शेकडा ५४ च्या आसपास गुण पडतात.

तरीही काळा जिंकतो. ता. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना संपला. दोन मुख्य डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात कोनेरू हंपी यांच्याकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या, नागपूरच्या दिव्या देशमुख हिच्याकडे काळ्या. दिव्या जिंकली आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली.

अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, "पाहा, जिद्द असली की काळ्यालाही जिंकता येते." स्वतःस सांगण्यास हे वाक्य उत्तम. पण ज्याच्या हाती पहिली चाल आहे त्याने ते दुसऱ्यास सांगितले, तर ती निव्वळ पळवाट होते.

पोटासाठी ओमानला गेलेल्यांचेच पाहू. तेथे २०२० सालाच्या अखेरीपर्यंत मालकाचे ना-हरकत पत्र नसेल, तर नोकरी सोडणाऱ्या परदेशी माणसास दुसऱ्या नोकरीसाठी परत येण्यास दोन वर्षांची बंदी होती. तशातही कित्येकांनी गावी घरे बांधली, मुलांना शिकविले. त्यांच्या यशामुळे तो नियम न्याय्य ठरला काय? मुळीच नाही. १ जानेवारी २०२१ पासून करार पुरा करणाऱ्यास त्या पत्राची गरज उरली नाही. त्यांच्या कष्टांचे मोल आधीही तेवढेच होते. न्याय मात्र त्या दिवशी थोडा पुढे सरकला.

बुद्धिबळाने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. तेथे काळ्याला नुसता धीर देऊन कोणी थांबत नाही. पुढच्या डावात रंग बदलतात. बाटुमीलाही आधीच्या जलद डावात पांढऱ्या सोंगट्या दिव्याकडेच होत्या.

म्हणून आम्हांस असे वाटते की, काळ्या सोंगट्या आपल्या वाट्यास आल्या तर कुरकुर न करता मन लावून खेळावे. पण त्या दुसऱ्याच्या वाट्यास कायमच्याच येत असतील, तर पट फिरविण्यास आपण हात लावावा. आपल्या घरात, कचेरीत, मंडळात पहिली चाल नेहमी कोणाची असते, हे वाचकांनी एकदा अवश्य पाहावे.