फसफस थांबल्यावर

बोरांच्या बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या मोडनिंबच्या शिवारात दोघा भावांच्या डाळिंबाच्या बागा शेजारी-शेजारी होत्या, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. चार वडीलधाऱ्यांनी धाकट्याला दरडावलं, त्यानं रात्रीची पाळी पत्करली आणि भांडण मिटलं, असं सगळे म्हणाले. धाकटा मात्र थोरल्याशी बोलेनासा झाला.

पुढच्या बहाराला दोघांचंही ठिबक तुंबलं. पाणी क्षाराचं, नळ्यांत चुनखडी साचलेली. थोरल्यानं दोन कॅन आणले, एक हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, एक गंधकाम्लाचा. म्हणाला, "कुठलंही सोडा. चुना निघाल्याशी कारण."

त्यांची आत्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिनं दोघांनाही बोलावून घेतलं. हातमोजे चढवून दोन बरण्यांतल्या पाण्यात जपून एकेक ॲसिड ओतलं. ॲसिडात पाणी कधीच ओतायचं नाही, ते अंगावर उसळतं, हे दोघांकडून वदवून घेतलं. मग दोन्हींत चुनखडीचा एकेक खडा टाकला.

दोन्ही खडे फसफसले. गंधकाम्लातला लवकरच थंडावला. "मिटलं की!" थोरला म्हणाला. आत्यानं तो खडा चिमट्यानं काढला, धुतला, चाकूनं खरवडला. वर पातळ पांढरं कवच, आत चुनखडी जशीच्या तशी. दुसरा खडा मात्र झिजत झिजत पार विरघळला.

"चुना दोन्हीकडं तोच," आत्या म्हणाली. "हायड्रोक्लोरिकशी त्याचं कॅल्शियम क्लोराईड होतं, ते पाण्याबरोबर निघून जातं. नायट्रिक असतं तर कॅल्शियम नायट्रेट झालं असतं. तेही विरघळतं, वर पिकाला खत. गंधकाम्लाशी होतं जिप्सम. ते जेमतेम विरघळतं, खड्यावरच थर धरतं, मग ॲसिड आतल्या चुन्यापर्यंत पोचतच नाही. फसफस थांबली म्हणजे मिटलं, असं नसतं रे. मागं काय उरलं ते बघावं. तुमचं भांडण या खड्यासारखं मिटवलंय."

थोरल्यानं गंधकाम्लाचा कॅन दुकानात परत केला. दोघांनी मिळून हायड्रोक्लोरिक सोडून पाण्याचा सामू चारपर्यंत उतरवला, रात्रभर ते नळ्यांत ठेवलं आणि सकाळी टोकं उघडून गढूळ पाणी काढून टाकलं. नळ्या धुता धुता थोरल्यानं विचारलं, "रात्रीची पाळी तुला का नको होती?"

धाकट्याच्या लेकराला रात्री धाप लागायची. बायकोला एकटीला टाकून रानात थांबणं त्याच्या जिवावर यायचं. रात्रीची पाळी थोरल्यानं त्याच दिवशी स्वतःकडं घेतली.