उजाड म्हणण्याआधी

वैशाखात बालाघाटाच्या डोंगराकडे पाहून बीडचा माणूसही ‘सगळं उजाड आहे’ म्हणून मोकळा होतो. पानं झडलेला खैर, बोरी-बाभळी, करड्या काटक्यांची सीताफळं यांना जंगल म्हणायला जीभ धजत नाही; जंगल म्हणजे उंच, दाट, हिरवं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एकोणिसाव्या शतकातलं एक चित्र या समजुतीला छेद देतं. फ्रेंच चित्रकार थिओडोर रूसो याने १८४६ च्या सुमारास फाँतेनब्लोच्या अरण्यातली हिवाळी संध्याकाळ रंगवायला घेतली आणि १८६७ मध्ये मरेपर्यंत तो तिच्यावर काम करत राहिला. अडीच मीटरांहून रुंद कॅनव्हासवर दिसतं ते निष्पर्ण ओक वृक्षांच्या फांद्यांचं जाळं, त्यातून झिरपणारा मावळतीचा तांबूस उजेड आणि खाली मोळीच्या ओझ्याने वाकलेल्या इवल्याशा बायका. पानांवाचूनही अरण्य अरण्यच असतं, हे त्याने वीस वर्षं खपून दाखवलं.

यावर कोणी म्हणेल, दुष्काळी जिल्ह्यात सौंदर्यदृष्टी हे पोट भरलेल्यांचं कौतुक झालं. पण नजरेतून धोरण घडतं. रूसो आणि त्याच्या सोबत्यांनी वृक्षतोडीला, तसंच पाइनच्या नव्या लागवडीलाही विरोध केला. परिणामी १८६१ मध्ये फाँतेनब्लोचं सुमारे अकराशे हेक्टर रान चित्रकारांसाठी म्हणून राखलं गेलं. उलट, ज्या माळाला आपण पडीक ठरवतो, तिथे खड्डे खणून भलतीच झाडं लावण्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. वास्तविक पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये मोरांसाठी घोषित झालेलं नायगाव अभयारण्य अशाच खुरट्या, काटेरी रानात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ओकची पानगळ ऋतूची, बीडचं उघडेपण मात्र कुऱ्हाडीचं आणि चराईचं. यात तथ्य आहे. ज्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते डोंगरावर टिकतं याचं एक कारण शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत हेही आहे. म्हणजे त्याची दाटी काही ठिकाणी चराईचीच खूण असू शकते. पण म्हणूनच नजर हवी. कोणता डोंगर पानगळीने उघडा दिसतो आणि कोणता ओरबाडला गेलाय, हे ‘उजाड’ या एका शिक्क्याने कळत नाही. पहिल्याला राखणं पुरतं, दुसऱ्याला उपचार लागतो. आणि दोन्हीकडे मोळीवाल्या बाईला हिशेबात धरावं लागतं. रूसोने तिला चित्राबाहेर ठेवलं नाही. वनाचे आराखडे आखणाऱ्यांनीही ठेवू नये.