खिशातल्या अक्षता

ओंकारेश्वराच्या बाजूने शनिवार पेठेत शिरलं की एका बोळात एक जुना वाडा लागतो. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर आजी, आजोबा आणि त्यांची नात राहत. आजोबांचं उभं आयुष्य पेठेतल्याच एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात गेलेलं. फर्मे जुळवायचे, जुजबंदी शिलाई घालायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. नात नुकतीच नोकरीला लागली होती आणि घरातली बरीचशी खरेदी तिच्या मोबाइलवरून चाले.

त्या खरेदीत तिघांचाही जीव रमे. आजीचे गुडघे धरलेले, लाकडी जिना उतरून लक्ष्मी रोडपर्यंत जाणं तिला कधीचं जमेनासं झालेलं. आता गुडघ्याचा पट्टा, समईच्या वाती, हातसडीचा तांदूळ, सगळं दारात येई. आजोबांना हवं असलेलं एक जुनं पुस्तक अप्पा बळवंत चौक पालथा घालूनही सापडलं नव्हतं. नातीने ते कोल्हापूरच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मागवलं. पुस्तक हातात पडल्यावर आजोबांनी आधी वाचलं नाही. कण्यावरून बोट फिरवलं, शिलाई पाहिली आणि म्हणाले, "चांगल्या हातानं बांधलंय."

नात पत्ता भरताना 411030 टाइप करी, तेव्हा आजोबा तिला हमखास सांगत, "हे सहा आकडे बसवणारा आपलाच माणूस, श्रीराम भिकाजी वेलणकर. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. त्याच्याच जोरावर तुझं पार्सल या बोळात येतंय." मग पार्सल भिवंडीहून निघालं का, पुण्यात पोचलं का, हे दिवसातून चारदा विचारलं जाई. जिना वाजला की आजी आतूनच म्हणे, "आलं बघ."

तुळशीचं लग्न झालं आणि नातीच्या मैत्रिणीचा साखरपुडा ठरला. नातीला एक डाळिंबी रंगाचा, जरीकाठाचा अनारकली फार आवडला. किंमत 2,400 रुपये. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'फक्त 1 शिल्लक'. तिने मागवला. अंगावर असा बसला की आजीने तिची दृष्ट काढली. पण घालताना नातीने किमतीची चिठ्ठी काढली नाही. गळ्याच्या आत दुमडून सेफ्टीपिनने अडकवून टाकली.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी अनारकलीची घडी पुन्हा पिशवीत गेली. परतीचं कारण निवडलं, 'माप बसलं नाही'.

"अगं, बसला होता की छान," आजी म्हणाली.

"आजी, फोटो निघाले, काम झालं. परत पुन्हा कुठे घालणार? सगळे असंच करतात. एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?"

दुपारी पार्सलवाला मुलगा जिना चढून आला. चिठ्ठी जागेवर आहे ना, एवढं त्याने पाहिलं आणि पिशवी घेऊन गेला. चार दिवसांत पैसे खात्यात जमा झाले. आजोबा काही बोलले नाहीत.

पौषात आजोबांची पंचाहत्तरी आली. नातीने पगारातून त्यांच्यासाठी खादी सिल्कचं जाकीट मागवलं. वाढदिवसाच्या सकाळी औक्षण झालं, आजोबांनी जाकीट चढवलं, बटणं लावली आणि सवयीने खिशात हात घातला. हात तसाच थबकला. त्यांनी तळवा उघडला. तळव्यावर अक्षता होत्या. कुंकवाने रंगलेले तांदळाचे सहा दाणे.

नातीने जाकीट उलटंपालटं करून पाहिलं. कॉलरच्या आत अत्तराचा वास, बगलेत अस्तर किंचित आवळलेलं. कुणाच्या तरी लग्नात मिरवून आलेलं जाकीट नवं म्हणून तिच्या आजोबांच्या अंगावर आलं होतं.

तिचे डोळे भरून आले. "लाज कशी वाटत नाही लोकांना! लग्नात मिरवायचं आणि परत करून टाकायचं! माझ्या आजोबांना कुणाचं तरी उतरलेलं…"

वाक्य तिथेच तुटलं. आजीच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं होतं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "बस इथं. छापखान्यातली एक गोष्ट सांगतो.

"टपाल खात्याची व्ही.पी.पी. 1877 पासूनची. माल दारात आला की पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पार्सल घ्यायचं. तुमचं ते कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात ना, त्याची ही पणजी. आमची पुस्तकं अशीच गावोगाव जात. लोक हौसेनं पत्र टाकून मागवत. पार्सल पोचेपर्यंत कुणाची हौस फिटलेली असे, कुणी शेजाऱ्याचं आणून वाचलेलं असे. मग पार्सल शेरा घेऊन परत येई, 'घेण्यास नकार'. टपालखर्च पाण्यात जाई तो जाईच, पुस्तकाचे कोपरेही चेपलेले असत. मालक ते माझ्यापुढे ठेवत. मी कडा सुतभर कापून काढी, नवं वेष्टन चढवी, पुस्तक पुन्हा नवं दिसे. तेच पुस्तक दुसऱ्या गावाला जाई. कधी तिथूनही परत येई. मी पुन्हा कापी. तिसऱ्या खेपेला समास अरुंद झालेला, कणा ढिला पडलेला.

"आणि तिसऱ्या गावचा तो वाचक, ज्यानं प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजले, त्याच्या हातात ते थकलेलं पुस्तक पडे. तो पत्र लिही, तुमचा छापखाना लबाड आहे. आम्ही लबाडी केलीच होती, ती मी नाकारत नाही. पण ती सुरू कुठून झाली, हे त्याला कधी कळलं नाही."

नात तळव्यावरचे सहा दाणे बघत राहिली. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "आजोबा, मग हे जाकीट आता ठेवून घ्यायचं का? परत करणंच चूक का?"

"मुळीच नाही," आजोबा ठाम आवाजात म्हणाले. "खोटा माल परत करणं हा तुझा हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. याच पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा आला, 2019 ला नवा आला. तेव्हा कुठे हा हक्क आपल्याला मिळाला. म्हणूनच तो खोट्या कारणासाठी वापरायचा नाही. तक्रार कर, पण खरं कारण लिही."

नातीने अक्षतांचा आणि अस्तराचा फोटो काढला. कारणात लिहिलं, 'वापरलेला माल आला आहे. खिशात लग्नातल्या अक्षता सापडल्या.' आधी तेच ते ठरावीक उत्तर आलं. मग तिने नियम नीट वाचून काढले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. हे सगळं लिहून तिने तक्रार पुन्हा पाठवली आणि तरी दाद लागली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचं ठरवलं. तशी वेळ आली नाही. आठवड्याभरात पैसे परत मिळाले.

त्या रात्री मात्र तिला झोप लागेना. तिने मोबाइल उघडून तो अनारकली शोधला. तोच डाळिंबी रंग, तीच किंमत. मधल्या काळात तो 'उपलब्ध नाही' झाला होता, हे तिला आठवत होतं. आता पुन्हा लाल अक्षरं होती, 'फक्त 1 शिल्लक'.

तिच्या मापाचा एक.

तिने तो पुन्हा विकत घेतला.

तीन दिवसांनी जिना वाजला. पार्सलवाला तोच मुलगा होता. नातीने त्याला बसवून पाणी दिलं. मग खिडकीपाशी जाऊन पिशवी फोडली, अनारकलीचा गळा उलटा केला आणि उजेडात धरला. जरीच्या काठाशी सेफ्टीपिनची दोन बारीक भोकं होती.

"परत करायचं आहे का ताई?" मुलाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हा माझाच आहे."

पाडव्याला नातीने तोच अनारकली घातला. आजीने पुन्हा दृष्ट काढली. आजोबांसाठी तिने लक्ष्मी रोडवरून नवं जाकीट आणलं होतं, आजोबांना सोबत नेऊन, अंगावर घालून, शिलाई त्यांना स्वतःला तपासू देऊन. त्या सहा अक्षता आजीने देवापाशी चांदीच्या डबीत ठेवल्या. कुणाच्या का असेनात, कुणाच्या तरी शुभकार्यातल्या होत्या.

तात्पर्य : आपण परत पाठवलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहते. परतीची सोय विश्वासावर चालते. खोट असेल तर वस्तू हक्काने परत करावी, पण हौस फिटली म्हणून करू नये.