ताप येऊ शकतो

"मग त्या आईला काय सांगितलंस?" आत्यानं विचारलं.

"लसीनं काही होत नाही म्हटलं. वस्तीत गोवराची साथ आहे, आत्या. ताप येऊ शकतो म्हटलं असतं, तर ती पोराला उचलून घरी गेली असती."

"आणि आला ताप."

"आठव्या दिवशी. आता सगळी गल्ली म्हणते, लसीनंच पोर आजारी पडलं. आज दोन घरांनी दारसुद्धा उघडलं नाही."

आत्यानं उभी हयात नर्स म्हणून काढली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा आर्थर रोडच्या इस्पितळात रोग्यांना मारून टाकतात, अशी आवई उठली. गिरणी कामगार इस्पितळावर चालून गेले. आत नेलेला माणूस बहुतेक परत येतच नसे. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले. त्यानंतर कुणी भल्याचं सांगितलं, तरी लोक कसे ऐकणार?"

"तो जुलूम होता. मी कुणाला ओढून नेलं नाही. तुझ्याच तोंडून ऐकलेलं मुल्कोवाल घे. १९०२ साली पंजाबातल्या त्या गावी हाफकिनची प्लेगची लस १०७ जणांना टोचली. १९ जण धनुर्वातानं गेले, सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. समज, ही बातमी आली त्या दिवशी तू शेजारच्या गावात टोचायला बसली आहेस. चूक कुठं झाली, ते अजून कळलेलं नाही. सांगशील?"

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मला खरा पेच इथंच वाटतो. तापाचं खरं सांगणं त्यामानानं सोपं, ताप उतरतो.

"सांगेन," ती म्हणाली. "बाकीच्या ८८ जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही, हेही सांगेन. आणि हातातल्या बाटल्या तपासून येईपर्यंत थांबेन."

"तेवढ्यात प्लेगनं माणसं गेली तर?"

"जातील." तिचा आवाज बसला. "ते माझ्या माथी. पण लपवून टोचलं आणि आणखी एक गेला, तर ते गाव पुन्हा कधी दंड पुढं करणार नाही."

"ज्याचं माणूस त्याच आठवड्यात जाईल, त्यानं हा हिशेब का मानावा?"

"त्यानं मानू नये."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, तिच्याकडंही नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या पोराचा ताप उतरला?"

"काल."

"मग उद्या आधी त्याच घरी जा."

"जाऊन काय म्हणू?"

"ताप येऊ शकतो हे मला माहीत होतं, असं म्हण."